सुटलेले पोट आणि दमलेली मूत्रपिंडे



या पानावर आम्ही दर अंकात उसाविषयी लिहितो. बेणे बदला, सरी रुंद ठेवा, पाचट जाळू नका, युरिया एकदम टाकू नका, ही आमची नेहमीची विनंती आपणांस आता पाठ झाली असेल. या खेपेस मात्र ऊस जरा बाजूला ठेवून आपल्या शरीराविषयी चार शब्द लिहिणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. कृषी पदविकेच्या शिदोरीवर गावोगाव हिंडणारे ऊस विकास अधिकारी आहोत. परंतु जे आमच्यावर बेतले आणि त्यानंतर जाणकारांना विचारून जे समजून घेतले, ते सभासदांना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्याचे झाले असे. गेल्या हंगामात गट कार्यालयाच्या आवारात ऊसतोडणी मजुरांसाठी आरोग्य तपासणी शिबिर ठेवले होते. वजनाचा काटा, रक्तदाबाचे यंत्र, लघवी तपासण्याच्या पट्ट्या, सगळा सरंजाम होता. मजुरांची रांग संपत आली तेव्हा एक मुकादम म्हणाले, "साहेब, आमचं समद्यांचं बघितलं, आता तुमीबी चढा की काट्यावर!" नाही कसे म्हणणार? चढलो. काटा ९४ किलोवर थांबला. रांगेतला एक तोडणीवाला हसत म्हणाला, "साहेब, तुमच्या वजनात आमचा अख्खा कोयता बसतोय!" नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे आपणांस ठाऊकच आहे. सगळे हसले, आम्हीही हसलो.

पुढचे मात्र हसण्यासारखे नव्हते. पोटाचा घेर १०८ सेंटिमीटर. रक्तदाब १५२ वर ९८. लघवीत बुडवलेली पट्टी हिरवी झाली. डॉक्टर म्हणाले, "लघवीतून प्रथिन जातंय. मूत्रपिंडाकडे लक्ष द्यायला हवं." आम्ही म्हणालो, "आम्हाला तर काहीच त्रास नाही." त्यावर ते म्हणाले, "त्रास होईल तेव्हा उशीर झालेला असेल."

एकदा पट्टी हिरवी झाली म्हणजे मूत्रपिंड बिघडलेच असे नसते. ताप, अतिश्रम, लघवीचा संसर्ग यांनीही तात्पुरते प्रथिन जाते. म्हणून तीन महिन्यांत आम्ही पुन्हा दोनदा तपासणी केली. प्रथिन जातच होते. साखरेची तपासणी केली, मधुमेह नव्हता. म्हणजे राहिले दोघे आरोपी : रक्तदाब आणि आमचे पोट. त्यातला रक्तदाबही बहुतेक पोटाच्याच मागून आलेला.

ठिबकची गाळणी आणि शरीराची गाळणी

ज्या सभासदांनी ठिबक बसवले आहे त्यांना मूत्रपिंडाचे काम समजावून सांगणे सोपे आहे. विहिरीचे पाणी आधी वाळूच्या गाळणीतून, मग जाळीच्या गाळणीतून जाते आणि मग नळ्यांत उतरते. गाळणी नीट असेल तर ड्रिपर चोंदत नाहीत. आपल्या पाठीत, कमरेच्या जरा वर, दोन्ही अंगांना मुठीएवढी एक-एक गाळणी देवाने बसवली आहे. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. हृदयातून निघणाऱ्या एकूण रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा या दोन गाळण्यांकडे जातो. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे नऊ जार! त्यातले बहुतेक सगळे परत रक्तात घेतले जाते आणि दीड-दोन लिटर तेवढे घाणीसह लघवीवाटे बाहेर टाकले जाते. शिवाय रक्तदाब सांभाळणे, रक्त तयार व्हायला मदत करणे, हाडे मजबूत ठेवणे ही कामेही मूत्रपिंडाकडेच आहेत.

ठिबकच्या गाळणीत आणि या गाळणीत एक मोठा फरक आहे. ठिबकची जाळी फाटली तर तालुक्याच्या दुकानातून नवी आणता येते, वाळू तुंबली तर उलटे पाणी सोडून धुता येते. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माला येतानाच मोजून मिळतात. पुढे त्यांत एकाचीही भर पडत नाही. जी गेली ती गेली. तिचे काम उरलेल्या गाळण्यांनी वाटून घ्यायचे.

पोटाचा भार गाळणीवर कसा पडतो?

आता मोटारीचा दाब वाढवून पाहा. पाच एकरांसाठी बसवलेल्या गाळणीवर आठ एकरांचे पाणी रेटले तर काय होईल? काही दिवस उलट छान वाटेल, पाणी जोरात येईल. पण जाळीवर ताण पडेल, तिची छिद्रे रुंदावतील आणि जे अडवायचे तेच निसटू लागेल. लठ्ठ माणसाच्या मूत्रपिंडात हेच होते. शरीर मोठे झाले म्हणून गाळण्यांची संख्या वाढत नाही. तेवढ्याच गाळण्यांना जास्त रक्त, जास्त दाबाने गाळावे लागते. त्या फुगतात, ताणल्या जातात, त्यांतून प्रथिन निसटू लागते आणि पुढे त्यांवर वण पडून एकेक गाळणी बंद होत जाते. अमेरिकेतील बोस्टनचे डॉ. बॅरी ब्रेनर यांनी १९८२ साली जादा दाबाने गाळण्या कशा खराब होत जातात हे विस्ताराने मांडले. फार लठ्ठ माणसांच्या लघवीतून प्रथिन जाते आणि वजन उतरल्यावर ते कमी होते, हे त्याच्याही आधी, १९७४ साली, वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. म्हणजे ही काही कालपरवाची टूम नव्हे.

हा झाला सरळ मार्ग. आडमार्ग आणखी दोन आहेत. पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही, ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, त्यातून मधुमेह होतो. तीच चरबी रक्तदाब वाढवते. मूत्रपिंडे कायमची निकामी होण्याची जगभरातली सर्वांत मोठी दोन कारणे म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. एकाच पोटातून तीन पाट निघतात आणि तिन्ही जाऊन मूत्रपिंडालाच मिळतात.

धोका किती वाढतो याचाही हिशेब झालेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ३ लाख २० हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी अनेक वर्षे पाहून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात वजन उंचीच्या मानाने ठीक असलेल्यांच्या तुलनेत, लठ्ठपणाच्या पहिल्या पायरीवरच्या माणसांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण सुमारे साडेतीन पट होते आणि अतिलठ्ठांत सात पट. मधुमेह व रक्तदाब हिशेबातून वेगळे काढले तरी जादा धोका उरतच होता. प्रत्येक लठ्ठ माणसाचे मूत्रपिंड बिघडते असा याचा अर्थ नव्हे. पण जुगारात कुणी सातपट हरण्याची बाजी लावील काय?

"हे अमेरिकेचं झालं, आपलं काय?" असे कोणी विचारील. २०२३ साली आपल्या देशाच्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. सर्व राज्यांतील १ लाख १३ हजार प्रौढांना तपासून ही पाहणी केली होती. त्यात शेकडा ११ जणांना मधुमेह, शेकडा ३५ जणांना रक्तदाब आणि शेकडा ३९ जणांना पोटाचा लठ्ठपणा आढळला. खेडी यातून सुटलेली नाहीत.

हडकुळे दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये

आपल्या लोकांची आणखी एक गोम आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालके यांचा १९९३ पासून अभ्यास चालवला. जन्मतःच किरकोळ दिसणाऱ्या आपल्या बाळांत मांस कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते, असे त्यात दिसून आले. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे एक इंग्रज सहकारी यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण अंगातली चरबी इंग्रजाची शेकडा ९ आणि आपल्या डॉक्टरांची शेकडा २१! वजनाच्या काट्यावर सारखे, आतून मात्र निराळे.

म्हणून आपल्याकडे कसोटी कडक ठेवली आहे. बेंबीच्या पातळीवर टेप लावून पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर (साडेपस्तीस इंच) आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) यापुढे गेला की तो पोटाचा लठ्ठपणा समजावा. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाचे वजन ६५ किलोपर्यंत चांगले, ७० च्या वर गेले की लठ्ठपणात मोडते. आमची उंची तेवढीच आहे, आणि वजन आपण वर वाचलेच आहे.

एका सभासदाची गोष्ट

गोदाकाठच्या एका गावचे आमचे एक सभासद आहेत. नाव सांगत नाही. तीन एकर ऊस, स्वभाव दिलदार, अंगाने भारदस्त. मधुमेह बारा वर्षांचा, गोळी आठवेल तेव्हा. वजनाने गुडघे धरले. गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज दोन, असे तीन वर्षे चालले. पायांवर सूज येऊ लागली तर म्हणाले, "गाडीवर बसून बसून येती." पुढे भूक गेली, उलट्या सुरू झाल्या, दम लागू लागला. तेव्हा कुठे रक्त तपासले. मूत्रपिंडाचे काम जवळजवळ संपलेले होते.

त्यांना ते पटेना. "लघवी तर धो धो होती की, मग किडनी खराब कशी?" हा गैरसमज आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. गाळणी फाटली तरी पाणी येतेच. ते गाळलेले असते की नाही हा प्रश्न आहे. लघवी किती होते यावरून मूत्रपिंड किती चांगले हे कळत नाही.

आता त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जावे लागते. दर खेपेस चार तास यंत्राला, आणि जाणे-येणे वेगळे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसतो, २०१६ पासून केंद्र सरकारचाही डायलिसिस कार्यक्रम आहे, म्हणून घर उभे राहिले. परंतु मुलाने पुण्याची नोकरी सोडली. वडिलांना न्यायचे कोणी? खोडवा वेळेवर खतावला गेला नाही, एकरी वीस टनांची घट आली. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाले, "साहेब, मोटार जळायच्या आधी निदान घरघर तरी करती. हिनं तर आवाजच केला न्हाई."

ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. आवाज होत नाही म्हणूनच तपासणी करायची. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा अनेकदा निम्म्याच्या आसपास काम गेलेले असते. लघवीतले प्रथिन त्याच्या पुष्कळ आधी दिसू लागते.

पोटाचा मान कुठून आला?

आपल्या भागात पोट सुटलेल्या माणसाला "खाऊन-पिऊन सुखी" म्हणतात. याला हसू नये, यामागे कारण आहे. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडिलांच्या पिढीने अंगावर काढला. खडी फोडली, नाला बंडिंगवर माती वाहिली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्या माणसांना लेकराचे गोल पोट पाहून समाधान वाटले तर त्यांचे काय चुकले? पुढे जायकवाडीचे आणि माजलगावचे पाणी आले, विहिरी-बोअर झाले, ऊस आला. घरात दोन पैसे आले. ताटात भर पडली ती चांगलीच झाली.

पण ताट वाढले तेव्हाच अंगमेहनत घटली. औत गेले, ट्रॅक्टर आला. रात्री दारे धरायला चिखल तुडवत जावे लागे, आता मोटार मोबाइलवर सुरू होते. शेत अर्ध्या मैलावर असले तरी मोटारसायकल. ऊस तोडायला टोळी. आमचेच पाहा ना : पूर्वी सायकलवर प्लॉट बघत फिरत होतो, आता जीपमधून उतरतो तो थेट बांधावर, आणि बांधावर चहा तयार. ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडली, तिच्या जागी चपाती, भजी, फरसाण, बिस्किटे आली. पोटाने १९७२ चा हिशेब धरला आणि अंगाने आजचा.

शेतातले उदाहरण देतो. युरियाचा हात सैल सोडला की ऊस कसा काळाभोर, लुसलुशीत दिसतो. रस्त्याने जाणारा म्हणतो, काय फड आहे! पण तोच ऊस पुढे लोळतो, त्याला उंदीर लागतात आणि उतारा पडतो. आमच्या पोटाचेही असेच झाले होते. दिसायला बरकत, उतारा कमी.

साखरेविषयी, स्पष्टच

साखर कारखान्याच्या अंकात साखर कमी खा असे लिहायचे म्हणजे घरच्या म्हशीला नाव ठेवण्यासारखे आहे. आम्ही हे भीत भीतच मांडत आहोत. पण हिशेब आपणच करा. आपल्याकडच्या एका कप चहात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर. आम्ही गावोगाव फिरताना दिवसाला आठ कप तरी घेत होतो. झाली ८० ग्रॅम. महिन्याची २ किलो ४०० ग्रॅम, वर्षाची २९ किलो, आणि तीही नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅमची आहे, आणि २५ ग्रॅमवर थांबले तर अधिक चांगले असे तिचे म्हणणे आहे. गूळ चालतो, काकवी चालते, हाही भ्रम सोडावा. वजनाच्या दृष्टीने सगळे एकाच गाडीतले ऊस.

कारखाना आपल्या चहाच्या कपावर उभा नाही, तो आपल्या उसावर उभा आहे. ऊस लावणारा हात शाबूत राहिला तर कारखाना राहील. सवलतीची साखर सभासदाने हक्काने न्यावी, सणाला पुरणपोळी करावी, पाहुणेरावळे करावेत. रोजच्या कपातले तेवढे दोन चमचे एकावर आणावेत आणि एकाचे शून्यावर.

त्याच फडातला दुसरा माणूस

शिबिरात आमची थट्टा करणाऱ्या तोडणीवाल्याकडेही जरा पाहू या. त्याच्या अंगावर चरबी नावाला नाही. मग त्याचे मूत्रपिंड सुरक्षित असेल ना? तसेही म्हणता येत नाही. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा हे ऊस पिकवणारे देश आहेत. तेथील तरुण, सडपातळ ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे मधुमेह नसताना निकामी होत असल्याचे २००२ च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानी आले. निकाराग्वातील चिचिगाल्पा गावाजवळच्या एका वस्तीत इतके पुरुष गेले की तिला विधवांचे बेट असे नाव पडले. कारणांचा शोध अजून चालू आहे, परंतु रणरणत्या उन्हात दिवसेंदिवस अंगमेहनत करणे आणि पाणी पुरेसे न पिणे हे मोठे कारण मानले जाते. तेथील काही कारखान्यांनी पुढे सावली, पाणी आणि ठरावीक वेळाने विश्रांती अशी पद्धत सुरू केली.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखांनी माणसे कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकात जातात, आपल्याही फडात उतरतात. मार्च-एप्रिलचे आपले ऊन आपणांस माहीत आहे. आडोसा नसल्यामुळे लघवीला जावे लागू नये म्हणून बायका पाणीच कमी पितात. अंग दुखते म्हणून रात्री वेदनाशामक गोळी. तहानलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाला अधिकच घातक. तेव्हा फडात तोड आली की सभासदाने बांधावर स्वच्छ पाण्याचा माठ किंवा जार ठेवावा, एखादे झाड नसेल तर ताडपत्रीची सावली करावी, बायकांसाठी आडोसा करावा. याला खर्च तो किती?

एकाच फडात एकाची गाळणी जादा खाण्याने दमते आणि दुसऱ्याची पाण्यावाचून. दोघांचेही वेळेवर कळू शकते.

काय करावे?

१. वर्षातून एकदा पोटाचा घेर, वजन आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवावा. वय ३० च्या पुढच्यांची रक्तदाब व साखर तपासणी गावच्या उपकेंद्रावर होते.

२. मधुमेह, रक्तदाब, सुटलेले पोट किंवा घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर वर्षातून एकदा लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन अशा दोन्ही तपासण्या कराव्यात. एकच करून समाधान मानू नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. आंबेजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आपल्याच जिल्ह्यात आहे.

३. वजन एकदम उतरवण्याच्या मागे लागू नये. १०० किलोच्या माणसाने सहा महिन्यांत ५ ते १० किलो कमी केले तरी रक्तदाब, साखर आणि लघवीतले प्रथिन यांवर चांगला परिणाम दिसतो. उपाशी राहून किंवा प्रथिनांच्या डबाबंद भुकट्या खाऊन वजन उतरवण्याचा नाद नको.

४. मीठ दिवसाला सपाट एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ त्यातच धरावे.

५. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालावे. उसाला चक्कर पायी मारावी. प्लॉटही पाहून होतो, किडीची लागण लवकर कळते.

६. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून परस्पर खाऊ नयेत. वैदूच्या भस्मांपासूनही दूर राहावे.

७. रक्तदाब आणि मधुमेहाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये. मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावणारी चांगली औषधे आता मिळतात. कोणते कोणाला, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

८. तंबाखू, बिडी सोडावी.

९. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार झालेलाच आहे त्यांनी पाणी किती प्यावे, डाळ किती खावी हे डॉक्टरांना विचारावे. "भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघते" हा सल्ला त्यांना अपायकारक ठरू शकतो.

आमचे काय झाले?

आम्ही सगळे काटेकोर पाळले असे खोटे लिहिणार नाही. पहिल्या महिन्यात दोनदा लग्नाच्या पंगतीत घसरलो. पण रात्रीचा भात सोडला, भाकरी धरली, जीप रस्त्यावर लावून प्लॉटपर्यंत पायी जाऊ लागलो, रक्तदाबाची गोळी नियमित ठेवली. दहा महिन्यांत वजन ९४ वरून ८५ वर आले, घेर दहा सेंटिमीटरने उतरला. रक्तदाब १३२ वर ८४. लघवीतले प्रथिन अजून पूर्ण थांबलेले नाही, पण पट्टीवर पूर्वीसारखी गडद हिरवी खूण उमटत नाही. डॉक्टर म्हणतात, "गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा." तेवढे करीत आहोत.

प्रत्येक गट कार्यालयात एक टेप, एक वजनकाटा आणि रक्तदाबाचे एक यंत्र ठेवावे, अशी विनंती आम्ही मा. चेअरमनसाहेब व संचालक मंडळास केली आहे. ऊस नोंदीला येणाऱ्या सभासदाने उसाच्या नोंदीबरोबर स्वतःचीही नोंद करून जावी. आडसालीची लागण कोणत्या तारखेची हे आपणांस तोंडपाठ असते. स्वतःचा रक्तदाब किती, हे किती जणांना सांगता येईल?

शेवटी एक वैयक्तिक विनंती. आम्ही आपल्या वस्तीवर आलो म्हणजे आपण आग्रहाने चहा करता. तो आग्रह आम्हाला हवाच आहे. फक्त इतउत्तर आमचा कप बिनसाखरेचा करावा आणि राग मानू नये. आपण स्वतःही तसाच घेतलात तर दोघे मिळून उसाला एक चक्कर पायीच मारू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी